नेवाळीची धावपट्टी



ठाणें, कल्याण व डोंबिवली या दाट वस्तीच्या शहरांना आपला स्वतःचा विमानतळ नाहीं. परंतु कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेवाळी नांवाचें गांव आहे. तेथें एके काळीं धावपट्टी होती, हें अनेकांस ठाऊक नसेल.

मुंबईच्या नागरी विमानवाहतुकीचा आरंभ जुहूस झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन तेथें उतरले. पुढें दहा वर्षांच्या आंतच जपानी सैन्य ब्रह्मदेशांत शिरलें, आणि विमानतळ ही युद्धाची निकड होऊन बसली. त्या धामधुमींत, १९४२ सालीं, ब्रिटिश सरकारनें नेवाळी परिसरांतील दीड हजार एकरांहून अधिक जमीन लष्करी धावपट्टीसाठीं ताब्यांत घेतली.

युद्ध १९४५ सालीं संपलें. दोन वर्षांनीं स्वातंत्र्यहि आलें. युद्धाकरितां घेतलेली जमीन युद्धानंतर परत मिळावी, असें शेतकऱ्यांचें म्हणणें. ती संरक्षण खात्याची आहे, असें सरकारचें म्हणणें. या वादांत पिढ्या गेल्या, तरी अनेक कुटुंबें तीच जमीन कसत राहिलीं. २०१७ सालीं नौदलानें तेथें भिंत घालण्यास प्रारंभ केला, तेव्हां २२ जून रोजीं असंतोषाचा भडका उडाला. वाहनें जाळलीं गेलीं. गांवकरी व पोलीस दोघेहि जखमी झाले.

नवी मुंबईच्या विमानतळास पर्याय म्हणून कल्याणचें नांव मध्यंतरीं पुढें आलें होतें. परंतु अखेर पनवेलजवळचीच जागा कायम झाली. तेथून २५ डिसेंबर २०२५ पासून देशांतर्गत उड्डाणें सुरू झालीं, आणि डोंबिवलीच्या प्रवाशास सांताक्रूझखेरीज दुसरी वाट मिळाली. त्या विमानतळासाठींहि दहा गांवें उठलीं. मात्र १९८४ सालीं उरण भागांतील शेतकऱ्यांनीं पांच जीव गमावून जो लढा दिला, त्यांतून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व रूढ झालें होतें. विमानतळग्रस्तांसाठीं तेंच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेलें. नेवाळीच्या वांट्यास असा ठराव आला नाहीं.

दोन्हीं ठिकाणीं जमीन गेली ती सार्वजनिक कारणासाठींच. भेद इतकाच, कीं एकीकडे घेणाऱ्यानें देण्याचेंहि प्रमाण ठरविलें, आणि दुसरीकडे तें ठरविण्याचें राहून गेलें. युद्धकाळीं घाईनें घेतलेल्या जमिनीचा हिशेब शांततेच्या काळांत तरी सावकाशपणें व न्यायानें करतां येतो. नेवाळीचा तो हिशेब अद्याप पुरा व्हावयाचा आहे.