नियतवयोत्तर सेवा व वेतनहक्क
नियतवयोत्तर सेवा व वेतनहक्क : सक्तीच्या निवृत्तीचे वय उलटल्यावरही पदावर राहिलेल्या शासकीय सेवकाने त्या काळाच्या वेतनावर सांगितलेला हक्क. हा प्रश्न पगारी नोकरशाहीबरोबर उद्‌भवला. वतनी व्यवस्थेत तो नव्हता. पाटलाचे पद वंशपरंपरेने चाले आणि वृद्ध वतनदाराऐवजी त्याचा मुतालिक काम पाही. १८७४ च्या मुंबई वतन अधिनियमाने ही पद्धती नियमबद्ध केली. उलवे (ता. पनवेल) यासारख्या गावांतील महसुली पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून संपुष्टात आली.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ अन्वये निवृत्तीचे वय ५८ वर्षे, तर चतुर्थ श्रेणीसाठी ६० वर्षे ठरविण्यात आले. रीतसर मुदतवाढ वा पुनर्नियुक्ती असल्यास वेतनाविषयी वाद सहसा उरत नाही. खरी अडचण चुकीच्या जन्मतारखेमुळे लांबलेल्या सेवेची. वेतन हा कामाचा मोबदला, की वैध पदधारणेचे फळ? १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे तीन वर्षे जादा राहिलेल्या कर्मचाऱ्याकडून वेतनवसुली योग्य ठरविली. उलट बिहारमधील एका प्रकरणात (२००९) सेवापुस्तकातच दोन जन्मतारखा होत्या, लबाडी सिद्ध झाली नव्हती आणि काम प्रत्यक्ष करून घेतले होते; तेथे वसुली नाकारली गेली. दुसरा निर्णय अधिक न्याय्य वाटतो, कारण सेवापुस्तक कार्यालयाच्याच ताब्यात असते. महाराष्ट्रात १९८१ च्या सेवाशर्ती नियमांनी जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतच करण्याचे बंधन घातले.