शस्त्राचा हक्क : संविधान सभेतील एक उत्तर

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की इंदूरच्या घरांतून फोन सुरू होतात, कारण आपली मुले-नातवंडे तिकडे आहेत. मग तिथल्या नेत्यांची भाषणेही आपण ऐकतो. जानेवारी २०१६ मध्ये सँडी हूकच्या शाळेतल्या वीस मुलांविषयी बोलताना ओबामांचे डोळे भरून आले. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण अश्रू हे वक्तृत्वाचे फार जुने साधन आहे. हेच काम अश्रूंवाचून कसे होते ते पाहायचे असेल, तर वाचकहो, संविधान सभेचे १ व २ डिसेंबर १९४८ चे कामकाज वाचा.

दुरुस्ती मांडली हरि विष्णू कामतांनी. आयसीएस सोडून सुभाषबाबूंबरोबर गेलेले हे गृहस्थ पुढे नर्मदाकाठच्या होशंगाबादचे खासदार झाले. नियमनाच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला द्यावा, असे त्यांचे म्हणणे. मी जैन, ही बाजू मला पटणे अवघडच, म्हणून ती मुद्दाम दोनदा वाचली. ती लेचीपेची नव्हती. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याने जखडले आणि गोऱ्यांना मोकळे ठेवले. खुद्द गांधीजींनी १९१८ च्या पत्रकात त्या कायद्याला इंग्रजी राजवटीचे सर्वांत काळे कृत्य ठरवले होते. १९३१ च्या कराची ठरावातही हा हक्क होता.

उत्तराला उठले आपल्या महूत जन्मलेले सुभेदारपुत्र, डॉ. आंबेडकर. जुनी मागणी त्यांनी नाकारली नाही. आम्ही रोग्याला आधी विचारतो, केव्हापासून? त्यांनी मागणीलाच तो प्रश्न केला. परक्या सरकारने प्रजेला निःशस्त्र केले ते तिने उठाव करू नये म्हणून. ते सरकार गेले, तशी मागणीमागची परिस्थितीही गेली. मग कामतांचीच ढाल त्यांनी हाती घेतली. ‘नियमन’ म्हणजे अटी घालणे, हक्क संपवणे नव्हे, असा न्यायालयांचा अर्थ. तेव्हा हक्क एकदा दिला की तो गुन्हेगारालाही मिळणार. आणि शेवटी पारडेच फिरवले : आग्रह धरायचाच असेल तर देशावर संकट आल्यास शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा धरा.

जे त्यांनी वापरले नाही, ते मला अधिक मोठे वाटते. दहाच महिन्यांपूर्वी गांधीजींचा खून झाला होता. मारेकरी मराठी, पिस्तूल ग्वाल्हेरात मिळवलेले. आपल्या जुन्या घरांत हा विषय अजूनही आवाज खाली करून निघतो. सभागृह हलवायला तो एक उल्लेख पुरे होता. या उत्तरात तो नाही.

एक जागा मात्र खटकते. भीती दाखवताना त्यांनी ‘गुन्हेगार जमातीं’चा दाखला दिला. १८७१ च्या कायद्याने जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलेली ती माणसे. जन्मावरून माणूस तोलू नये यासाठी आयुष्य वेचलेल्याच्या तोंडी तो दाखला यावा! पटवण्याच्या भरात तयार शब्द हाताशी येतो, तसेच झाले असावे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली. १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली. परवाना राहिला.