नवजात पिलांचे आवाज काय सांगतात?

कुत्र्याचे पिलू जन्मतः पाहू शकत नाही आणि ऐकूही शकत नाही. त्याचे डोळे साधारणतः १० ते १४ दिवसांनी उघडतात. कान दोन ते तीन आठवड्यांच्या दरम्यान काम करू लागतात. तोवर स्वतःचा आवाजही त्याला ऐकू येत नाही. त्याची हाक असते ती आईसाठी.

इमारतीच्या जिन्याखाली किंवा वाहनतळात कुत्री व्याली, की पिलांच्या रडण्याने रहिवासी अस्वस्थ होतात आणि दुधाची बशी पुढे येते. मात्र प्रत्येक रडणे भुकेचे नसते.

समाधानाचा आवाज
आईला बिलगून दूध पिणारी पिले मंद कुरकुरतात. झोपेत त्यांचे अंग झटके घेते, अधूनमधून बारीक कुईंकुईं ऐकू येते. हे स्वाभाविक आहे. नवजात पिलू दिवसाचा बहुतांश काळ झोपलेलेच असते. त्याला उठवू नये.

मदतीची हाक
उंच स्वरातील, न थांबणारे केकाटणे मात्र संकटाची खूण असते. पिलू भुकेले असेल, आईच्या अंगाखाली दबले असेल किंवा कुशीतून दूर सरकून गारठले असेल. पहिल्या आठवड्यात त्याला थरथरून ऊब निर्माण करता येत नाही. आई आणि भावंडे हाच उबेचा आधार. पुष्कळदा पिलाला कुशीत परत ठेवताच रडणे थांबते.

धोक्याची शांतता
गारठलेले पिलू आधी जोरात रडते, मग आवाज क्षीण होतो आणि अखेर बंद पडतो. पिलू शांत झाले, असा समज येथे जिवावर बेतू शकतो. अंगाला गार लागणाऱ्या, निपचित पिलाला दूध पाजू नये. थंडीने त्याचे पचन मंदावलेले असते आणि दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून आधी त्याला हळूहळू ऊब द्यावी आणि पशुवैद्यकांना गाठावे. गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधाच्या तुलनेत प्रथिने व स्निग्धांश बरेच कमी असतात. त्यामुळे आई नसल्यास पिलांसाठीची खास दूध पावडर वापरणे योग्य.

आई जवळ नाही, म्हणजे तिने पिले सोडली असे नव्हे. ती अन्नाच्या शोधात गेलेली असू शकते. पिले उबदार व शांत असतील, तर लांबूनच वाट पाहावी. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिलांना भुंकणे, गुरगुरणे साधू लागते. तोपर्यंत आवाज ऐकताच दुधाआधी ऊब तपासावी, हे उत्तम.