घोड्यापुढचे प्यादे

बुद्धिबळातल्या ग्रुनफेल्ड बचावाचे मूळ शोधायला आपण व्हिएन्नाच्या दिशेने निघतो आणि पोहोचतो कलकत्त्याला. तिथे १८४८मध्ये जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरासमोर महेशचंद्र बंदोपाध्याय नावाचे ब्राह्मण गृहस्थ पटावर बसलेले दिसतात. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, हे आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंना सांगायला नको. विलायती नियम शिकल्यावरही महेशचंद्रांचा हात त्या वळणाने चाले. राजाकडचा घोडा बाहेर, घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे आणि त्या मोकळ्या घरात उंट. पटाचा मध्य आपल्या प्याद्यांनी व्यापावा, हा तेव्हाच्या युरोपचा दंडक. हे गृहस्थ तो मध्य खुशाल समोरच्याला देत आणि कडेच्या उंटाचा रोख त्यावर धरून बसत. दोघांत शेकडो डाव झाले, त्यांतले काही लंडनच्या मासिकात छापलेही गेले. आपल्या कामाचा डाव १८५५चा. त्यात महेशचंद्रांनी तिसऱ्याच चालीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे ढकलून पांढऱ्याच्या मध्यावर घाव घातला. पण अठराव्या चालीला कॉक्रेनने घोडा राजाच्या तटबंदीत घुसवला आणि डाव जिंकला. हरलेल्या डावाची सुरुवात कोण जपून ठेवतो?

मधली सदुसष्ट वर्षे आपण झटकन ओलांडू. १९२०च्या आसपास रेटी, निम्झोविच ही मंडळी मध्य लांबूनच ताब्यात ठेवण्याचे शास्त्र मांडू लागली होती. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२मध्ये त्याच तीन चाली खेळून पुढे जगज्जेता झालेल्या अलेखिनला हरवले आणि बचावाला त्याचे नाव चिकटले. जवळच्या नात्यातल्या बचावांना मात्र ‘इंडियन’ हे बिरूद मिळाले. माझ्या मते वाटणी थोडी चुकलीच. १९५६मध्ये न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने याच बचावात वजीर देऊन डोनाल्ड बर्नला नमवले; पुढे कास्पारोव्हनेही तो मोठ्या लढतींत वापरला.

२०१०च्या एप्रिलमध्ये सोफियाला जगज्जेतेपदाचा पहिला डाव सुरू झाला, तेव्हा काळ्या सोंगट्यांमागे विश्वनाथन आनंद होता. घोडा बाहेर, त्याच्यापुढचे प्यादे एक घर, मग वजिरापुढचे दोन. चोविसाव्या चालीला प्रतिस्पर्धी टोपालोव्हने घोडा देऊन आनंदचा राजा उघड्यावर ओढला आणि तिसाव्या चालीला डाव संपला. ती लढत अखेर आनंदनेच जिंकली. पण त्या दिवशी, कलकत्त्यासारखाच, घोडा नडला होता.