चार बहिणींचे नाटक: बैठकीतून रंगमंचावर

लुइझा मे अल्कॉटची 'लिटल विमेन' ही कादंबरी मराठी वाचकांना शांता शेळके यांच्या 'चौघीजणी'मुळे घरची वाटते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, वडील युद्धावर असताना, ओढगस्तीत वाढणाऱ्या मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणींची ही गोष्ट. गेली शंभरहून अधिक वर्षे ती रंगभूमीवर येत आहे आणि तिच्या जवळजवळ प्रत्येक नव्या रूपांतराला एकच प्रश्न विचारला जातो: मूळ पुस्तकाशी हे नाटक इमान राखते का? माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. हे पुस्तक जन्माला आले तेच नाटकाच्या नादातून, आणि त्याची संहिता पहिल्या वीस वर्षांतही एकसारखी राहिली नाही. त्यामुळे रूपांतराचा कस लावायचा तो प्रसंगांच्या यादीवर नव्हे. सोंगे घेत, नवनव्या भूमिका करून बघत मुली स्वतःला घडवतात, ही पुस्तकातली गोष्ट रंगमंचावर जिवंत राहते का, हे पाहायला हवे.

पुरावा कादंबरीच्या दुसऱ्याच प्रकरणात आहे. नाताळच्या रात्री बहिणी घरात नाटक करतात. पुरुषांना प्रवेश नाही, म्हणून पुरुषांच्या भूमिका ज्यो करते. नटाकडून फिरत फिरत तिच्याकडे आलेले तांबूस चामड्याचे बूट हा तिचा मोठा ठेवा. गिटारी पुठ्ठ्याच्या, दिवे म्हणजे रुपेरी कागद लावलेली जुनी भांडी, आणि चिलखतावर चमकणारे तुकडे लोणच्याच्या कारखान्यातल्या पत्र्याचे. भर प्रयोगात मनोरा कोसळतो आणि शेवटी प्रेक्षक मुली बसलेली घडीची खाटच मिटते. हे सगळे अल्कॉटने स्वतःच्या घरातून उचलले होते. तिने आणि थोरली बहीण अ‍ॅना हिने लहानपणी रचलेली नाटके 'कॉमिक ट्रॅजेडीज' या नावाने १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. कॉन्कॉर्डच्या हौशी नाट्यमंडळात अ‍ॅनाची जॉन प्रॅटशी ओळख झाली आणि १८६० मध्ये त्यांचे लग्न झाले. कादंबरीतल्या मेगच्या संसाराचे मूळ तिथे आहे. त्याच वर्षी लुइझाचे एक प्रहसन बोस्टनच्या हॉवर्ड अथेनियममध्ये झाले. कादंबरीतले सर्वात जिव्हारी लागणारे भांडणही नाटकापायीच होते. थोरल्या दोघी आपल्याला नाटकाला नेत नाहीत, या रागाने एमी ज्योचे हस्तलिखित जाळून टाकते.

व्यावसायिक रंगभूमीने मात्र आधी हा खेळकरपणा बाजूला ठेवून घर तेवढे उचलले. अल्कॉटच्या वारसांकडून दिग्दर्शिका जेसी बॉनस्टेल यांनी चिकाटीने परवानगी मिळवली, मॅरियन डी फॉरेस्ट यांनी संहिता लिहिली आणि १४ ऑक्टोबर १९१२ रोजी न्यूयॉर्कच्या प्लेहाउसमध्ये पडदा उघडला. १८४ प्रयोग झाले. पुढे १९१९ मध्ये लंडनच्या प्रयोगात कॅथरिन कॉर्नेलने ज्यो रंगवली. नाटक बहुतांश मार्च कुटुंबाच्या बैठकीतच घडते आणि शेवटी सगळे मार्गी लागलेले दिसतात. त्या प्रेक्षकांतल्या अनेकांनी पुस्तक लहानपणी वाचले होते. त्यांना ओळखीची खोली हवी होती आणि ती त्यांना मिळाली. या नाटकाला कमी लेखण्याचे कारण नाही; स्त्रियांनी लिहिलेले आणि बसवलेले नाटक ब्रॉडवेवर एवढे चालणे त्या काळी सोपे नव्हते. पण एका खोलीत बसवलेल्या वास्तववादी नाटकात वर्षे सरताना दाखवणे अवघड, आणि मुलींचे मोठे होणे हा तर काळाचाच खेळ.

ही अडचण पुढच्या रूपांतरकारांनी ओळखली. मार्क अ‍ॅडॅमोच्या १९९८ मध्ये ह्यूस्टन ग्रँड ऑपेरात झालेल्या ऑपेऱ्यात गोष्ट उलटी सुरू होते. बहिणींचा शेजारी आणि आता एमीशी लग्न झालेला लॉरी ज्योला भेटायला माळ्यावर येतो आणि तिथून आपण मागे जातो. अ‍ॅडॅमोला ज्योची खरी लढाई काळाशी दिसली. घर आहे तसेच राहावे, कोणी लग्न करून जाऊ नये, हा तिचा हट्ट. अनेक कप्प्यांत विखुरलेल्या कादंबरीला त्यामुळे एक ताण मिळाला. २००५ च्या ब्रॉडवे संगीतिकेने दुसरी वाट धरली. ज्यो आपली रक्तरंजित कथा सांगू लागते तसतशी त्या कथेतली पात्रे समोर अवतरतात. सटन फॉस्टरची ज्यो गाजली, तरी संगीतिका १३७ प्रयोगांवर थांबली. ज्योच्या झोतात इतर बहिणी फिक्या पडल्या, हा आक्षेप तिच्याबाबतीत खरा आहे. तरीही नाताळचे ते घरगुती नाटक कादंबरीचे उगमस्थान आहे, ही तिची जाण १९१२ च्या बैठकीपेक्षा पुस्तकाच्या अधिक जवळची आहे.

पहिला मोठा आक्षेप असा की लेखिकेने लिहिलेले बदलण्याचा अधिकार रूपांतरकाराला कोणी दिला? पण लेखिकेने लिहिलेले म्हणजे नेमके कोणते? पहिला भाग १८६८ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सने काढला. मुलींसाठी पुस्तक लिहा, ही मागणी त्यांच्या टॉमस नाइल्सची. लगेच वाचक मुलींची पत्रे सुरू झाली: कोणाचे लग्न कोणाशी होणार? ज्यो अविवाहित लेखिकाच राहावी असे अल्कॉटला वाटत होते. १८६९ च्या दुसऱ्या भागात तिने ज्योचे लॉरीशी लग्न टाळले, पण वाचकांच्या आग्रहापुढे लग्नच टाळणे तिला जमले नाही. मग ज्योचा नवरा म्हणून प्राध्यापक भेअर आले. पुढे १८८० च्या सचित्र आवृत्तीत भाषाही सभ्य करून घेतली गेली. आधीची जाडसर आई उंच झाली आणि ज्योच्याच उंचीचा लॉरी तिच्यापेक्षा उंच झाला. आज बहुतेक वाचक जे मूळ म्हणून जपतात ते हेच चोपडे केलेले रूप. ज्या कथेचा शेवट बाजाराच्या रेट्याने ठरला, तो शेवट पुन्हा तपासणारा रूपांतरकार लेखिकेशी वैर करत नाही. उलट तिने मनात ठेवलेल्या शक्यतेकडे तो परत जातो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. आजचे विचार जुन्या मुलींच्या तोंडी घातले जातात, असे म्हणतात. केट हॅमिल यांच्या २०१८ मध्ये मिनियापोलिसला प्रथम झालेल्या नाटकात मुलगी म्हणून ज्योची होणारी घुसमट केंद्रस्थानी आहे आणि ते अनेकांना उपरे वाटते. पण मुलगा नसल्याची खंत ज्यो पहिल्याच प्रकरणात बोलून दाखवते. हॅमिलना ती शोधायला बाहेर जावे लागले नाही. आक्षेपाचा खरा भाग वेगळा आहे. ज्योचे बंड ठळक करताना पैशाची चणचण पुसली गेली, तर गोष्ट पोकळ होते. ज्यो केस विकते ते बंड म्हणून नाही, आजारी वडिलांकडे निघालेल्या आईच्या हाती पंचवीस डॉलर ठेवायला. अल्कॉटनेही घर चालवण्यासाठीच लिहिले, आणि या पुस्तकाचा हक्क एकरकमी न विकता स्वतःकडे ठेवला म्हणून तिच्या घरची ददात मिटली. बेथचे मरणही गरीब शेजाऱ्यांच्या आजारी बाळाच्या सेवेतून लागलेल्या तापाशी जोडलेले आहे. हे दुवे तोडले तर उरते ती नुसती घोषणाबाजी.

म्हणून आधुनिक नाटककाराला मोकळीक हवी आणि तिला मर्यादाही हवी. लग्नाचा शेवट बदलावा, वर्षांचा क्रम उलटावा, एका नटाला तीन भूमिका द्याव्यात. हे सगळे त्या घरगुती रंगमंचाच्या परंपरेतच बसते. मात्र मुलींचे काम, त्यांची कमाई आणि एकमेकींसाठी त्यांनी सोसलेली झीज रंगमंचावर प्रत्यक्ष दिसलीच पाहिजे. १९१२ च्या नाटकाने घर जपले, १९९८ च्या ऑपेऱ्याने काळ पकडला, २००५ च्या संगीतिकेने ज्योची लेखणी बोलती केली. घर, काळ आणि लेखणी एकत्र आणून चारही बहिणींना सारखे वजन देणारे नाटक लिहिणे हे पुढच्या नाटककाराचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री अल्कॉटच्या पानांत भरपूर आहे.