बायकांच्या मताचे कागद

सवड मिळाली की अ‍ॅव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चक्कर मारायची, ही माझी बंगळुरात आल्यापासूनची सवय. मी शोधतो ते स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतले छापील कागद : पत्रके, निमंत्रणपत्रिका, मासिकांचे सुटे अंक. दुकानदार हसतात, पण बाजूला काढून ठेवतात.

इंग्लंडमधल्या या चळवळीची पोस्टकार्डे आणि जांभळ्या-पांढऱ्या-हिरव्या रंगांचे बिल्ले आज संग्राहक भरपूर पैसे मोजून घेतात. आपल्याकडचा कागद मात्र बहुतेक रद्दीत गेला. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटले. १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा कन्या मिठन हिला घेऊन बाजू मांडायला थेट लंडनला गेल्या. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे यांनी ही मागणी लावून धरली. १९२१ साली मद्रास आणि मुंबई इलाख्यांनी स्त्रियांना मत दिले. आपल्या म्हैसूर संस्थानात १९२३च्या कायद्याने प्रतिनिधी सभेसाठी ही वाट खुली झाली. अर्थात मालमत्तेची अट होतीच, त्यामुळे हक्क मिळाला तो मूठभर बायकांना.

सर्व स्त्रियांना मत मिळाले ते स्वतंत्र भारताच्या घटनेने. पण पहिल्या निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' असे सांगितले होते. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही.

माझी आजी त्यांतलीच. तेव्हा ती इंदूरला होती. "परक्या माणसाला नाव कसं सांगायचं? म्हटलं, बाळूची आई," असे ती सांगायची. उखाण्यात नवऱ्याचे नाव ऐटीत घेणारी आजी स्वतःचे नाव सांगायला लाजली आणि तिचे मत गेले! १९५७ला मात्र तिने नाव ठणकावून सांगितले. त्या वेळची मतदाराची चिठ्ठी तिने पोथीत जपून ठेवली होती. चार बोटांची ती चिठ्ठी माझ्या संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू.

मंडळींनो, आता दिवाळीची साफसफाई येईल. आजीची ट्रंक, पोथ्यांची बासने रिकामी करताना आतला कागद एकदा उलगडून पाहा. रद्दीवाल्याला काय, किलोचा भाव!