वाचलेला ग्रंथ आणि आचरलेला ग्रंथ

धर्मग्रंथाचें भाग्य दोन प्रकारचें असतें. एक, त्याचें पारायण होतें. दुसरें, त्याचें आचरण होतें. पहिल्याचा हिशेब ठेवणें सोपें आहे. प्रती किती छापल्या, दीक्षा किती जणांनीं घेतली, वाद किती माजले, हें सारें दप्तरांत नोंदलेलें सांपडतें. दुसऱ्याचा हिशेब मात्र चुलीपाशीं, आडावर आणि आजाऱ्याच्या उशाशीं शोधावा लागतो. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती शास्त्राच्या इतिहासाकडे आपण बहुधा पहिल्याच दृष्टीनें पाहत आलों. धर्मांतराचा प्रश्न निघाला कीं आपलीं मनें तापतात, आणि तापलेल्या मनाला बारीक गोष्टी दिसत नाहींत. प्रस्तुत लेखांत त्या बारीक गोष्टींकडेच वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे.

मी राहतों तें खारघर पनवेल तालुक्यांत, पांडवकड्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं, सिडकोनें वसविलेलें नगर आहे. रविवारीं सकाळीं आमच्या रस्त्यानें प्रार्थनेला निघालेलीं कुटुंबें दिसतात. कोणी केरळचीं, कोणी मंगळूरकडचीं, कोणी मराठी. मुलांच्या अंगावर धुतलेले कपडे आणि वडिलांच्या हातांत पवित्र शास्त्र. त्यांना पाहून एक प्रश्न नेहमीं मनांत येतो. रविवारीं वाचलेलें सोमवारीं कामावर, बाजारांत आणि घरांत कितपत टिकत असेल? प्रश्न केवळ या शेजाऱ्यांपुरता नाहीं. देव्हाऱ्यांत ज्ञानेश्वरी ठेवणाऱ्या माझ्यासारख्यालाही तो तितकाच बोंचतो.

या प्रश्नाचें उत्तर शोधीत प्रथम आमच्या पनवेलीसच जावें. तेथें बेने इस्राएल समाजाचें इ. स. १८४९ सालचें ‘बेथ एल’ प्रार्थनामंदिर आहे. कोंकणांत शतकानुशतकें तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शास्त्राचा ग्रंथ त्यांच्या वाचनांत राहिला नव्हता. पण शनिवारचा विसावा मात्र अंगवळणीं पडलेला होता. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन मिशनरी आणि पुढें डॉ. जॉन विल्सन यांनीं त्यांच्यासाठीं शाळा काढल्या. विल्सन यांनीं इ. स. १८३२ मध्यें मराठींतून हिब्रू व्याकरण लिहिलें. जुना करार मराठींत हातीं आला. परिणाम असा झाला कीं, ख्रिस्ती होणारे थोडे निघाले, आणि आपल्याच धर्माचा अर्थ नव्यानें समजलेले पुष्कळ निघाले. ग्रंथ एकानें दिला, फळ दुसऱ्याच्या अंगणांत पडलें! दप्तराच्या हिशेबांत याला अपयश म्हणतील. पण तेल्यानें आपल्या विसाव्याचें कारण प्रथमच आपल्या भाषेंत वाचलें, याला अपयश म्हणणें मला जड जातें.

आतां गोव्याकडे वळूं. इंग्लंडांत जन्मलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स इ. स. १५७९ मध्यें गोव्यास उतरला आणि साष्टींत राहून येथील भाषा शिकला. त्याचें अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. ग्रंथाच्या निमित्ताविषयीं त्यानें जें सांगितलें आहे तें मोठें मार्मिक आहे. नवख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांची बंदी झाली होती. त्यांच्यापैकीं एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो कीं, आमचीं पुराणें सोडावयास सांगतां, तर मन रमविण्यास त्यांच्या जागीं तुम्हीं आम्हांस काय दिलें? तोंडपाठ करावयाच्या प्रश्नोत्तरांनीं त्याची तहान भागत नव्हती. त्याला घरीं बसून गावयास, ऐकावयास कांहीं हवें होतें. हा प्रश्न तक्रारीचा आहे, आणि त्या तक्रारीमागें सत्तेच्या जबरदस्तीचें दुःखही आहे. तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. तथापि स्टीफन्सला एक गोष्ट उमगली. सिद्धांतानें मनुष्य गप्प बसतो, कथेनें तो बदलतो. आणि कथा ओवींतून आली तरच ती मराठी माणसाच्या घरांत शिरते. ग्रंथाच्या आवृत्त्या इ. स. १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां निघाल्या, यावरून त्याला वाचक होते हें स्पष्ट आहे.

ओवी घरांत शिरली. पण घर बदललें काय? त्यासाठीं आपणांस अडीच शतकें ओलांडून केडगांवास गेलें पाहिजे. पंडिता रमाबाई इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्या आणि इ. स. १८८९ मध्यें त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन काढलें. पुढें तें पुण्यास आलें. सदनांतील मुलींवर धर्माचें वजन पडतें, या आक्षेपावरून इ. स. १८९३ मध्यें रानडे, भांडारकर यांसारख्यांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. त्या वादांत दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसें होतीं. विश्वासानें मुली पाठविणाऱ्या पालकांची चिंता खोटी म्हणतां येत नाहीं, आणि आपली प्रार्थना दार लावून करावी हें रमाबाईंना पटणारें नव्हतें.

पण वादाच्या पलीकडे काय घडलें तें पाहा. इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि शेंकडों निराधार बायकामुलींना घेऊन आल्या. स्वतःच्या लहानपणीं दुष्काळांतच त्यांचे आईबाप गेले होते. भुकेचा अर्थ त्यांना पुस्तकांतून शिकावा लागला नव्हता. केडगांवच्या ‘मुक्ति’ संस्थेंत शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग उभे राहिले. भुकेल्याला अन्न व परक्याला थारा देणें म्हणजेच देवाला देणें, ही शिकवण तेथें विहिरी खणून आणि दळण दळून पाळली गेली. विशेष हें कीं, इंग्लंडांतील आपल्या धर्मगुरुभगिनींची प्रत्येक गोष्ट रमाबाईंनीं निमूटपणें मान्य केली नाहीं. शास्त्र मी स्वतः वाचीन आणि माझ्या बुद्धीला साक्षी ठेवून चालेन, हा त्यांचा बाणा; शाकाहारही त्यांनीं सोडला नाहीं. आयुष्याचीं अखेरचीं वर्षें त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून शास्त्राचें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं. संस्कृतांत पांडित्य मिळविलेल्या या विदुषीनें भाषा मात्र बेतली ती खेड्यांतील अल्पशिक्षित बाईला समजेल अशी. इ. स. १९२१ मध्यें एकुलती कन्या मनोरमा गेली, तरी लेखणी थांबली नाहीं. इ. स. १९२२ च्या एप्रिलांत रमाबाई वारल्या, ग्रंथ इ. स. १९२४ मध्यें मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडला. पंडितेनें आपलें पांडित्य मुद्दाम खालीं ठेवावें, याहून शास्त्राचें मोठें आचरण कोणतें?

शेवटचें घर टिळकांचें. आणि तेथेंच या विषयाची खरी कसोटी लागते. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासांत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानें नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनानें कविमन वेधलें, आणि इ. स. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. बातमी पत्नीला मागाहून कळली. प्रीतीचा धर्म पुस्तकांत वाचून निघालेल्या पतीनें पदरीं मूल असलेल्या पत्नीला केवढ्या दुःखांत लोटलें! लक्ष्मीबाईंनीं पुढचीं वर्षें नाशिक, पंढरपूर अशीं नातलगांच्या आधारानें काढलीं. चरित्रकार हा भाग भक्तिभावानें उरकून घेतात. मला तसें करवत नाहीं. एकाचा आत्मोद्धार दुसऱ्याच्या अश्रूंनीं विकत घ्यावयाचा काय, हा प्रश्न प्रत्येक धर्मांतील साधकाला विचारला पाहिजे. तो बुद्धाच्या यशोधरेनेंही विचारलेला आहे.

या प्रश्नाचें उत्तर टिळकांनीं नव्हे, लक्ष्मीबाईंनीं दिलें. त्या पतीकडे परत आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे. त्यांचें सोंवळें, त्यांचा स्वयंपाक वेगळा होता, आणि टिळकांनीं त्यांवर सक्ती केली नाहीं. येथें टिळकांच्या बाजूनें एवढें सांगणें न्यायाचें आहे. मग हळूहळू त्यांच्या मनांत विचार सुरू झाला कीं, जातीचे हे भेद देवानें केले कीं माणसानें? उत्तर सुचलें तेव्हां त्यांनीं आधीं विटाळ टाकला. बाप्तिस्मा त्यानंतर, इ. स. १९०० मध्यें झाला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. पतीनें आधीं ग्रंथ वाचला आणि मग आचरणाचा मार्ग शोधला. पत्नीनें आधीं आचरण बदललें आणि मग ग्रंथ हातीं घेतला. पुढें त्यांच्या घरांत किती निराधार मुलें वाढलीं! शाळेंत न गेलेल्या या बाईचीं ‘स्मृतिचित्रें’ इ. स. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं, आणि आज सर्व धर्मांचे मराठी वाचक तीं आपलीं मानतात. त्यांत उपदेश जवळजवळ नाहीं. स्वतःच्या फजितीवर हंसण्याचें धैर्य मात्र पानोपानीं आहे. नम्रता जिला म्हणतात ती हीच.

टिळकांचीही वाट तेथें थांबली नाहीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत. इ. स. १९१७ मध्यें त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. इ. स. १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले. अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. ज्या ग्रंथानें एकेकाळीं पतिपत्नींची ताटातूट केली, त्याच ग्रंथाची कथा पतीच्या पश्चात् पत्नीनें ओवींत गुंफावी, यांत क्षमेचा जो अर्थ आहे तो कोणत्याही भाष्यांत सांपडावयाचा नाहीं.

राचोल, केडगांव आणि टिळकांचें घर यांवरून मला एवढेंच दिसतें कीं, ग्रंथ प्रथम भाषेंत उतरावा लागतो, मग हातांत, आणि सर्वांत शेवटीं स्वभावांत. पहिलें काम विद्वानाचें, दुसरें कर्त्या माणसाचें. तिसरें मात्र ज्याचें त्यानें करावयाचें असतें, आणि त्याला बहुधा सारें आयुष्य लागतें. येत्या रविवारीं खारघरच्या रस्त्यावर तीं कुटुंबें पुन्हां दिसतील. त्यांच्याविषयींचा तो प्रश्न मी आतां मनांत आणणार नाहीं. घरीं परतून देव्हाऱ्यांतील पोथी उघडीन, आणि तो स्वतःलाच विचारीन.